किल्ली कोणाच्या हवाली?

खंबाटकीचा घाट उतरून आम्ही सुरूर फाट्याच्या अलीकडे पोहोचलो, तेव्हा सायंकाळचे साडेसहा वाजून गेले होते. आषाढातील एक जड सर नुकतीच ओसरली होती, वैराटगडाच्या माथ्यावर ढग उतरले होते, आणि पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्याची धारदार कड लागून मोटारीचे डाव्या बाजूचे मागचे चाक क्षणार्धात बसले होते. वाईच्या रुग्णालयात असलेल्या थोरल्या मेहुणीस भेटावयास मी व माझी पत्नी निघालो होतो. मोटार कडेला घेतली, धोक्याचा तांबडा त्रिकोण मागे काही अंतरावर ठेवला आणि डिकीतील गालिचा उचलून पाहिले. स्टेपनी होती व तिच्यात हवाही होती. जॅक होता, चाकाचा पाना होता, टॉमी होती. अशा प्रसंगी जे जे असावयास हवे ते सर्व जागच्या जागी आहे, या समाधानाने फाट्यावरील टायरच्या दुकानातून मोटारसायकलीवर आलेल्या तरुणाच्या हाती मी तो पाना दिला. त्याने चार नटांपैकी तीन नट पाहता पाहता सैल केले, चौथ्यापाशी थांबून त्याच्या तोंडावरचा चिखल अंगठ्याने पुसला, आणि मान वर न करताच तो म्हणाला, "काका, ह्याची चावी द्या."

"मोटारीची किल्ली?"

"गाडीची नव्हं. लॉक नटाची. बोटाएवढी असती बघा, टूलच्या पिशवीत ठेवत्यात."

टूलची पिशवी झटकून पाहिली. डॅशबोर्डचा कप्पा, दारांचे खण, आसनांखालची जागा, स्टेपनीच्या मधली पोकळी, सारे धुंडाळले. किल्ली नव्हती. मोटार मी चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या हाताची म्हणून खरेदी केली होती, आणि या चौदा महिन्यांत अशी काही किल्ली असते, ती मजपाशी असावयास हवी, आणि ती नाही, या तिन्ही गोष्टींपैकी एकही मला ठाऊक नव्हती. "खिळा असता तर गाडीवरच पंक्चर काढलं असतं," तो तरुण म्हणाला, "पण साइडला कट हाय, चाक खोलल्याबिगर इलाज नाही. सॉकेट ठोकून बघतो म्हणलं तर बघतो, पण रिमला लागलं तर मला बोलू नका." त्याच्या या प्रामाणिक इशाऱ्याचा मी मान राखला. महामार्गाच्या मदतीसाठी असलेल्या १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी केला, पत्नीस वाईहून आलेल्या भाच्याच्या वाहनातून पुढे धाडले, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मोटार क्रेनवर चढवून वाईतील एका गॅरेजात नेली. दुसरे दिवशी तेथील वयोवृद्ध फिटरने तो एक नट काढण्यास जवळजवळ एक तास घेतला, आणि तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर हबवरचा स्टडही तुटून आला.

एका नटाची ही हकीकत सार्वजनिक वृत्तपत्रातून सांगण्याइतकी मोठी आहे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती सांगण्याजोगी आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण जी उणीव त्या संध्याकाळी उघड झाली ती माझ्या एकट्याच्या मोटारीची नसून, वस्तूचा ताबा देण्याघेण्याची जी रीत आपल्या व्यवहारात आज रूढ झाली आहे, त्या रीतीची आहे.

प्रथम या वस्तूचे स्वरूप समजून घेऊ. मोटारीचे प्रत्येक चाक बहुधा चार किंवा पाच नटांनी हबवर आवळलेले असते. आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत हबमधून बाहेर आलेल्या आटेदार स्टडवर नट चढवितात, तर जर्मन बनावटीच्या पुष्कळ मोटारींत स्टडऐवजी बोल्टच थेट हबमध्ये पिळतात. साध्या नटाचे डोके षट्कोनी असते, आणि म्हणून तो त्या मापाच्या कोणत्याही पान्याने निघतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, वजनाने हलकी, दिसावयास देखणी आणि किमतीने भारी अशी चाके जेव्हा प्रचारात आली, तेव्हा रात्री रस्त्यावर उभी केलेली मोटार सकाळी विटांवर टेकलेली आढळावी आणि तिची चारही चाके नाहीशी झालेली असावीत, असे प्रकारही त्यांच्यापाठोपाठ आले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट असा करण्यात आला की ज्याच्या डोक्यावर षट्कोन नसून एखाद्या फुलाच्या पाकळ्यांसारखी वळणदार खाच असते. त्या खाचेत नेमका बसणारा एक लहानसा पोलादी तुकडा असतो, ज्याचे एक तोंड त्या खाचेशी जुळते आणि दुसरे तोंड षट्कोनी असून त्यावर नेहमीचा पाना चढतो. हा तुकडा म्हणजेच लॉक नटाची किल्ली. तो असेल तर काम दोन मिनिटांचे, आणि नसेल तर उरलेले तीन नट, जॅक, पाना व स्टेपनी हे सर्व असूनही नसल्यासारखे.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतक्या सहजपणे मराठीत वापरतो की तो एका रस्त्याच्या नावावरून आला आहे, याची कोणास आठवण राहिलेली नाही. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे लोखंडी सामानाचे दुकान चालविणाऱ्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हवा भरलेल्या टायरसह एक जादा कडे तयार केले, जे पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडून मोटार पुढे नेता येई. त्यापूर्वीच्या मोटारींना जादा चाक नसे. खिळा रुतला की चालकाने पावसापाण्यात, चिखलात बसून तेथेच टायर उतरवावा, ट्यूब सांधावी आणि पुन्हा चढवावी, यावाचून गत्यंतर नव्हते. त्या शोधाने प्रवाशास रस्त्यावर स्वावलंबन दिले. आणि म्हणूनच त्या रस्त्याचे नाव समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आले व येथल्या गावोगावच्या बोलीत स्थिरावले. शतकापूर्वी मिळालेले ते स्वावलंबन बोटाएवढ्या एका तुकड्याच्या अभावी सुरूर फाट्यावर मी गमावून बसलो.

हा तुकडा हरवतो कसा, याचा विचार केला पाहिजे, कारण तो चोरीस जात नाही आणि झिजून नाहीसाही होत नाही. नवी मोटार मिळते तेव्हा तो बहुधा एका लहान पिशवीत, त्याच्या क्रमांकाच्या पत्रकासह असतो. चाकांची अदलाबदल, अलाइनमेंट, ब्रेकची दुरुस्ती अशा कामांसाठी मोटार गॅरेजात जाते. तेथे कामगार किल्ली काढून घेतो, हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनच्या तोंडावर ती चढवितो, सोळा किंवा वीस नट आवळून होतात, आणि दुसरी मोटार येऊन उभी राहते. किल्ली सॉकेटमध्येच राहते, किंवा अवजारांच्या ट्रॉलीत, किंवा कामगाराच्या खिशात. कधी कधी तर ती शेवटच्या नटावरच अडकून राहते आणि मोटार रस्त्याला लागल्यावर कोठे तरी गळून पडते. त्या कामगाराचा यात दुष्ट हेतू नसतो. दिवसभरात अनेक मोटारी हातांखालून जात असताना प्रत्येकीचा एक निराळा लहान तुकडा तिच्या तिच्या पिशवीत परत घालणे हे केवळ स्मरणशक्तीवर सोपविलेले काम आहे, आणि जे काम केवळ स्मरणशक्तीवर सोपविले जाते ते एक ना एक दिवस चुकतेच.

हानी झाली आहे हे मालकास कळण्यास मात्र वर्षे लागतात, आणि त्याचे कारण ट्यूबलेस टायरच्या सोयीत आहे. ट्यूबच्या काळात प्रत्येक पंक्चरला चाक उतरवावेच लागे; किल्ली हरवली असती तर ते पहिल्याच खिळ्याला उघडकीस आले असते. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा चाक न उतरविता, मोटार उभी असतानाच उपटून त्या छिद्रात रबराची पट्टी दाबून बसविता येते. त्यामुळे दहा पंक्चर निघाले तरी लॉक नटास कोणी हात लावीत नाही, आणि अकराव्या वेळी टायरच्या कडेलाच कट बसला म्हणजे किल्लीची प्रथमच आठवण होते. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने तर ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाक बाळगण्याच्या बंधनातून मुभा दिली आहे. या तरतुदीस माझा विरोध नाही. परंतु स्टेपनीच जेथे डिकीतून नाहीशी होईल तेथे तिच्याशेजारी ठेवलेल्या किल्लीचे स्मरण आणखीच क्षीण होईल, आणि ज्या दिवशी ब्रेकचे काम निघेल किंवा टायर बदलावयाचे असतील त्या दिवशी गॅरेजच्या दारात तीच अडचण उभी राहील, हे ध्यानात घेतले पाहिजे.

माझी तीस वर्षांची चाकरी कोषागारात गेली. तेथील तिजोरीच्या खोलीला दुहेरी कुलूप असते, दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात असतात, आणि एकाच्या अनुपस्थितीत दुसऱ्यास ती खोली उघडता येत नाही. जादा किल्ल्या मोहोरबंद करून अन्यत्र ठेवलेल्या असतात व त्यांची नोंद असते. एका अधिकाऱ्याने दुसऱ्यास प्रभार देताना रोकड मोजली जाते, मुद्रांक मोजले जातात, आणि त्याचबरोबर किल्ल्याही मोजून, तपासून, सहीनिशी हवाली केल्या जातात. नोकरीच्या आरंभी ही सर्व औपचारिकता मला अवडंबर वाटे. पुढे अनुभवाने कळले की रोकडीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व त्या सहीला आहे; कारण रक्कम कमी भरली तर ती मोजताक्षणी कमी दिसते, पण किल्ली गहाळ झाली असेल तर ती जोवर लागत नाही तोवर गहाळ झाली आहे असे कोणासच दिसत नाही. म्हणून तिची रुजुवात गरजेच्या वेळी न करता ताबा बदलतानाच करावयाची, हा त्या दफ्तरातील नियमामागचा विचार होता.

हा विचार आपल्या मुलखात परका नाही. शिवकालीन गडांच्या व्यवस्थेत हवालदार, सबनीस व कारखानीस यांसारखे कामगार असत. दफ्तर सबनीसाकडे, कोठारे कारखानीसाकडे, आणि दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. दरवाजे सायंकाळी त्याच्या देखरेखीखाली बंद व्हावयाचे आणि प्रातःकाळी त्याच्याच देखरेखीखाली उघडावयाचे. 'हवालदार' या शब्दातच 'हवाला' आहे. ज्याच्या हवाली केले तो हवालदार. किल्ली धातूची असली तरी तिचे खरे अस्तित्व ती कोणाच्या हवाली आहे या प्रश्नाच्या उत्तरात असते, हे ज्यांनी ती पदे निर्माण केली त्यांना पुरते उमगले होते. गडाच्या दरवाजाशी चाकाच्या नटाची तुलना केल्याबद्दल कोणी मला अतिशयोक्तीचा दोष देईल. परंतु तत्त्व दरवाजाच्या आकारमानावर अवलंबून नसते.

आता या तत्त्वाच्या प्रकाशात मोटारीचे हस्तांतरण कसे होते ते पाहावे. ज्या व्यावसायिकाकडून मी मोटार घेतली त्याने नमुना २९ व नमुना ३० यांवर माझ्या सह्या घेतल्या, नोंदणीचा दाखला, विम्याचे कागद व प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र दिले, इंजिनाची व चासीची संख्या मजसमक्ष पडताळली, आणि इंजिन सुरू करावयाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. मालकीचे सर्व दस्तऐवज बिनचूक होते. पण मालकी आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकी सरकारदरबारी नोंदली जाते, तर ताबा वस्तूच्या बारीकसारीक अवयवांनी पुरा होतो. चाकांवर चार लॉक नट दिसत असताना त्यांची किल्ली कोठे आहे हे त्याने सांगितले नाही व मी विचारले नाही. त्याची हयगय झाली, आणि ज्याने तीस वर्षे किल्ल्या मोजून सह्या केल्या त्या माझ्याकडूनही कसूर झाली, हे मी नाकारीत नाही. ही चूक दोघांची होती, आणि दोघांपैकी कोणाचीही फसवणुकीची बुद्धी नव्हती. नेमके म्हणूनच ती व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही, तिच्यासाठी रीतच बदलली पाहिजे.

यावर काही जाणकार असे म्हणतील की मुळात हे लॉक नटच निरर्थक आहेत. सराईत चोर ते काढणारे अवजार बरोबर बाळगतो व काही क्षणांत काम उरकतो, अडतो तो केवळ प्रामाणिक मालक. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु पूर्ण सत्य नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने, दुकानाच्या खिडकीत अनेक दशके आव्हान म्हणून ठेवलेले ब्रामा या कंपनीचे कुलूप किल्लीवाचून उघडून दाखविले. त्यासाठी त्यास सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले. अजिंक्य म्हणून गाजलेले कुलूप उघडले, याचा त्या काळी मोठा गवगवा झाला. पण त्या ५१ तासांचा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. कुलूप चोरास कायमचा रोखीत नाही, ते त्याचा वेळ खाते, आणि रस्त्यावर उघड्यावर काम करणाऱ्या चोरास वेळ हीच भीतीची गोष्ट असते. लॉक नटाचे मोलही तेवढेच आहे: हाती साधा पाना घेऊन आलेल्या भुरट्या चोरास तो परत पाठवितो. तेवढ्यासाठी तो ठेवण्याजोगा आहे. मात्र चोर आयुष्यात एखादे वेळी येतो किंवा येतही नाही, आणि मालकास चाक उतरविण्याचा प्रसंग निश्चितपणे येतो. म्हणून कुलूप लावणाऱ्याने चोराचा विचार एकदा केला तर स्वतःचा विचार दहा वेळा केला पाहिजे.

ज्यांची किल्ली आजच गहाळ आहे त्यांनी काय करावे, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण चुकीच्या क्रमाने केलेला उपाय मूळ दुखण्याहून महाग पडतो. प्रथम घरचा शोध पुरा करावा. स्टेपनीच्या मधली पोकळी, जॅकचा खण, डिकीच्या बाजूच्या जाळ्या, आणि मोटारीच्या पुस्तिकेची पिशवी, एवढ्या जागा पाहिल्याखेरीज किल्ली हरवली असे म्हणू नये. त्यानंतर शेवटी ज्या गॅरेजात चाके उतरविली गेली तेथे जाऊन विचारावे. किल्ली नाही पण तिचा क्रमांक एखाद्या पत्रकावर मिळाला, तर काम पुष्कळ सुकर होते, कारण या खाचांचे नमुने अगणित नसतात. एका बनावटीच्या मोटारींसाठी त्यांची संख्या मर्यादित असते, प्रत्येकास क्रमांक असतो आणि त्यावरून नवी किल्ली मागविता येते. क्रमांकही नसेल, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करावी. काही ठिकाणी सर्व नमुन्यांचा संच असतो व एकेक लावून पाहून जुळणारा नमुना शोधता येतो. हे सर्व मार्ग खुंटल्यावरच नट बळाने काढावा.

बळाने काढण्याचेही प्रकार आहेत. नटाच्या डोक्यावर जरा लहान मापाचा सॉकेट ठोकून बसवावयाचा व पिळावयाचे, हा रस्त्यावरील प्रकार. आत उलटे आटे असलेला खास सॉकेट वापरावयाचा, जो पिळताना डोक्यात अधिकाधिक रुतत जातो, हा त्याहून सुरक्षित प्रकार. आणि नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून तो फिरवावयाचा, हा अखेरचा. ज्या नटांच्या भोवती मोकळे फिरणारे कडे असते त्यांत पहिला उपाय बहुधा फसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने रिमचा रंग तर जातोच, शिवाय बेअरिंग व त्याजवळील संवेदक यांसही बाधा पोहोचू शकते. म्हणून हे काम उतावीळपणे, अंधारात, वाहत्या महामार्गाच्या कडेस करू नये. त्या संध्याकाळी हातोडा उचलला गेला नाही याबद्दल मी त्या तरुणाचा आजही ऋणी आहे.

आणि किल्ली हाती आल्यावर तिचा जीव राखणे हेही आपल्याच हातात असते. किल्लीचे दात नाजूक असतात; हवेच्या गनने लॉक नट आवळला की पिळाचे प्रमाण राहत नाही, आणि पुढे सोडविताना दात मोडतात. लहान प्रवासी मोटारींच्या नटांना साधारणतः ९० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. आपल्या मोटारीचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. लॉक नट हातानेच आवळावा व हातानेच सोडवावा, असा आग्रह प्रत्येक मालकाने गॅरेजात धरावा.

परंतु मालकांचा वैयक्तिक दक्षपणा हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग व्यवहाराच्या रीतीचा आहे, आणि त्याविषयी माझी तजवीज तीन कलमांची आहे. पहिले, जुनी मोटार विकणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने मालकीच्या कागदांखेरीज एक ताबेपावती द्यावी, जिच्यात स्टेपनी, जॅक, पाना, इंजिनाच्या किल्ल्या यांच्याबरोबर लॉक नटाची किल्ली व तिचा क्रमांक यांचा तपशील असेल आणि तिच्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही असेल. यासाठी नवा कायदा नको. नमुना २९ व ३० आपापले काम करीत आहेत, त्यांत भर घालण्याचे कारण नाही. दुसरे, गॅरेजांच्या जॉब कार्डावर मोटार आत घेताना पेट्रोल किती, किलोमीटर किती, स्टेपनी आहे की नाही, जॅक आहे की नाही, हे लिहिण्याची पद्धत आजही आहे. त्याच रकान्यांखाली 'लॉक नटाची किल्ली: घेतली, परत दिली' अशी एक ओळ छापावी, आणि मोटार बाहेर पडण्यापूर्वी ती भरावी. छपाईचा यास जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि कामगाराच्या स्मरणशक्तीवरचा अन्याय्य भार त्याने उतरेल. तिसरे, मोटारींच्या निर्मात्यांनी चासीच्या संख्येबरोबरच त्या मोटारीच्या लॉक नटाचा क्रमांक आपल्या दफ्तरात नोंदवून ठेवावा, म्हणजे मोटार चौथ्या मालकाच्या हाती गेली तरी ओळखीचा दाखला घेऊन येणाऱ्या त्या मालकास नवी किल्ली विनासायास मिळेल.

यावर कोणी म्हणेल की असा क्रमांक दफ्तरात ठेवला तर तो चोराच्या हाती जाईल. चोरास त्याची गरज नाही, हे वर सांगितलेच आहे. तो अवजार घेऊन येतो. क्रमांकाची गरज केवळ त्यास आहे ज्याला हातोडा मारावयाचा नाही, म्हणजे मालकास. संरक्षणाच्या प्रत्येक साधनाची कसोटी अशीच लावावी असे मला वाटते: त्याने चोराला किती अडविले आणि मालकाला किती. ज्या साधनात दुसरी संख्या पहिलीहून मोठी होते, त्यात दोष कुलपाचा नसतो; किल्लीच्या हवाल्याचा असतो. घराच्या तिजोऱ्या, बँकेचे लॉकर, वडिलांच्या पश्चात न उघडणारी कपाटे, आणि आजकाल कोणास न सांगितलेले संकेतशब्द, या सर्वांच्या बाबतीत कितीतरी कुटुंबांनी हा अनुभव घेतला असेल. जपून ठेवले, पण कोणाच्या हवाली ते लिहून ठेवले नाही.

वाईहून परतल्यावर मी चारही चाकांना नवे लॉक नट बसविले. किल्लीचा क्रमांक मोटारीच्या पुस्तिकेत, माझ्या वहीत आणि पत्नीच्या वहीत असा तीन ठिकाणी लिहिला, आणि किल्ली तांबड्या फडक्यात बांधून टूलच्या पिशवीत ठेवली. गॅरेजात मोटार देताना जॉब कार्डावर मोकळ्या जागेत मी स्वतःच्या हाताने लिहितो: 'लॉक नटाची किल्ली, नग १, हवाली केली.' प्रथम तेथील मुलास त्याचे नवल वाटले. गेल्या महिन्यात मोटार परत घ्यावयास गेलो, तेव्हा मी काही विचारण्यापूर्वीच त्याने ड्रॉवरमधून ते तांबडे फडके काढले, गाठ सोडून किल्ली मला दाखविली, जॉब कार्ड पुढे सरकविले आणि म्हणाला, "काका, मोजून घ्या, आणि इथं सही करा."

मी सही केली.